कूलर चालू, तरी रात्री खोली तापलेलीच: विदर्भातल्या दर उन्हाळ्याच्या तक्रारीचं निदान

तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत येते. "कूलर जोरात चालतो, टाकी भरलेली आहे, ताट्याही (कूलरच्या बाजूंना लावलेले ओले पॅड) यंदाच बदलल्या, तरी रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा नाही." अकोला असो, नागपूर, वर्धा की चंद्रपूर, एप्रिलच्या मध्याला ती सुरू होते आणि नवतपा, म्हणजे मेअखेरीचे नऊ कडक दिवस, लागला की टोकाला जाते. दुकानात त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: याहून मोठा कूलर न्या. माझ्या मते दहातल्या सात-आठ घरांत हे पैसे वाया जातात, कारण बिघाड कूलरमध्ये नसतोच. एकतर आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसते, नाहीतर डोक्यावरचा स्लॅब दिवसभराचं ऊन रात्रभर परत करत असतो. आपल्याकडे यातलं काय आहे, हे आधी शोधायचं.

आधी मोजा

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं एक साधं डिजिटल थर्मामीटर आणा. स्वस्तात मिळतं. ते आधी बाहेर सावलीत पंधरा मिनिटं ठेवा, मग कूलरच्या जाळीसमोर, मग पलंगावर. सावलीतच ठेवा, उन्हात ठेवलेलं थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, स्वतः किती तापलं ते सांगतं. मोठ्या यंत्रांचीही फसगत होते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या, सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. नागपूरचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. तो काही कमी नाही.

आता आकडे कसे वाचायचे ते. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, त्यामुळे बाहेरची हवा जितकी कोरडी तितका तो चांगला चालतो. दुपारी बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर धड कूलरच्या तोंडाशी २७ ते २९ अंश मिळायला हवेत. रात्री अकराला बाहेर ३४ अंश आणि २५ टक्के असेल, तर २३ ते २५. हे मिळत असेल तर कूलरला दोष देऊ नका, खाली 'खोली दमट' किंवा 'तरी उकडतंच' हे भाग पाहा. तोंडाशीच ३३-३४ येत असतील तर कूलर उघडावा लागेल.

हात लावण्याआधी

प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपल्याकडे दर उन्हाळ्यात येते, आणि बहुतेक वेळा गोष्ट तीच असते: लोखंडी बॉडी, ओली फरशी, दोन पिनांची वायर, आणि चालू कूलरमध्ये पाणी भरणारं कुणीतरी, बरेचदा घरातली बाई किंवा पोर. तीन पिनांचा प्लग असून उपयोग नाही, भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. मुख्य बोर्डावर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी किंवा ईएलसीबी, बसवून घ्या. तो ३० मिलीअँपिअरचा असावा. साध्या एमसीबीने हे काम होत नाही. नवा कूलर घ्यायच्या पैशांत हे काम होऊन वर उरतात.

पंपाची वायर पाण्यात लोंबते तिथे कुठे चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर तो पंप फेकून द्या.

कूलरचा वाराच थंड नाही

सगळ्यात आधी ताट्यांवर तळहात फिरवा. तिन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत. कुठे कोरडा पट्टा लागला तर तिथून गरम हवा तशीच आत शिरते आहे. विदर्भातल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे वरच्या नळीची भोकं महिन्याभरात बुजतात. खिळ्याने किंवा सायकलच्या तारेने ती मोकळी करा. पंपाच्या आतली पंखी पांढऱ्या थराने जाम झाली असेल तर लिंबूसताच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा, थर सुटतो. टाकीतलं पाणी रोज नुसतं वरून भरत राहिलं तर वाफ उडून जाते आणि क्षार मागे साठत जातात, म्हणून दोन-तीन दिवसांनी तळाचं झाकण उघडून सगळं पाणी सोडून द्यायचं. ते झाडांना घालताना जरा बघून घाला, कुंडीतल्या रोपांना इतका क्षार झेपत नाही.

साध्या ताट्या एका उन्हाळ्याच्या. दुसऱ्या वर्षी त्या खाली बसतात आणि वरच्या चार-सहा बोटांत नुसती जाळी उरते. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण पहिल्या पाण्याचा वास काय असतो ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार, पॅड दोन-तीन वर्षं टिकतात, मात्र खारं पाणी असेल तर तेही दगडासारखे कडक होतात.

पंख्याचा वारा कमी वाटत असेल तर कपॅसिटर बदलून बघा, काम किरकोळ आहे. मोटर भरून आणल्यानंतर वारा पडला असेल तर पंखा उलटा फिरत नाही ना, एवढं बघा, जोडणी उलटसुलट होते. संध्याकाळी सात ते अकरा या वेळात सगळ्या मोहल्ल्याचे कूलर आणि एसी चालू होऊन व्होल्टेज पडतं, तेव्हाचा मंद वारा कूलरचा दोष नव्हे.

ऊन लागू नये म्हणून कूलरला तिन्ही बाजूंनी चादर किंवा पोतं गुंडाळणारे बरेच आहेत. त्याने हवाच कोंडते. सावली हवी, पण वरून, आणि बाजूंना हातभर मोकळं सोडून. पश्चिमेच्या खिडकीतला कूलर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत हलवता आला तर उत्तम.

आणि बर्फ. टाकीत बर्फाची लादी टाकायची पद्धत सोडून द्या. एक किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ २४०० किलोज्यूल. सातपट. कूलर ताशी आठ-दहा लिटर पाणी उडवत असतो, त्यात पाच किलो बर्फाने काय होणार? पहिली दहा-पंधरा मिनिटं वारा गार वाटतो, इतकंच. तो बर्फ पिण्याच्या पाण्यात किंवा पन्ह्यात टाका, सत्कारणी लागेल.

वारा थंड, पण खोली दमट आणि चिकचिकीत

ही सगळ्यात जास्त भेटणारी चूक, आणि बिनखर्चात सुटणारी. एसीच्या सवयीने लोक खिडक्या-दारं लावून कूलर चालवतात. कूलर आत ढकलतो ती हवा ओली असते. तिला बाहेर जायची वाट नसेल तर अर्ध्या तासात खोलीची आर्द्रता ७०-८० टक्क्यांवर जाते, घाम वाळत नाही, आणि कूलर त्याच ओल्या हवेला पुन्हा ओलं करत बसतो. कूलर खोलीच्या आत ठेवला असेल तर आणखी वाईट.

कूलर खिडकीबाहेर बसवा, पाठ पूर्ण बाहेरच्या हवेला. त्याच्या समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडी ठेवा, निदान वीतभर तरी. किती उघडायची याची परीक्षा उदबत्तीने होते. त्या फटीशी उदबत्ती धरा, धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. आतच घोटाळला तर वाट कमी आहे. दार आपोआप धाडकन लागत असेल तरीही वाट कमी आहे. पलंग कूलर आणि त्या उघड्या दाराच्या मधल्या रेषेत आणा. स्वयंपाकघराचं दार उघडून एक्झॉस्ट पंखा लावला तर हवा पूर्ण घरातून फिरते आणि एका कूलरवर दोन खोल्या निभतात. चोराची भीती असेल तर दाराला जाळीचं दुसरं दार लावा. विदर्भात ते डासांसाठीही लागतंच.

पहाटे तीननंतर गार-ओलं वाटायला लागतं तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा ठेवा. सकाळी कूलर बंद करण्याआधी पंधरा मिनिटं असाच पंप बंद ठेवला तर ताट्या वाळतात आणि तो कुबट, मासळीसारखा वास येत नाही.

वारा थंड, आर्द्रताही ठीक, तरी उकडतंच

अंगावर वारा असेपर्यंत बरं, बाजूला झालं की छतातून झळ. स्टुलावर चढून रात्री दहा वाजता स्लॅबला खालून हात लावून बघा. हात लगेच काढावासा वाटला तर निदान झालं. वरच्या मजल्यावरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण स्लॅब बिघडलेला दिसत नाही.

हिशेब करून बघू. बारा बाय बाराच्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण चार टन काँक्रीट. मे महिन्याच्या दुपारी काळवंडलेल्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज जातो. ती उष्णता खालच्या अंगाला पोचायला तीन-चार तास घेते, म्हणून बाहेर संध्याकाळ उतरते तेव्हा आत स्लॅबची दुपार सुरू होते. हे चार टन फक्त १५ अंशांनी निववायचे म्हटले तरी जवळपास १५ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. कूलरचा वारा माणसाला गारवा देतो, पण स्लॅबमधून अंगावर येणारी झळ वाऱ्याने अडत नाही. कूलर दुप्पट केला तरी ती तशीच येत राहणार.

आजोबांच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात किंवा कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात हा त्रास या रूपात नव्हता. धाब्यावर हात-दीड हात माती असायची, ऊन आत झिरपेपर्यंत रात्र सरायची. कवेलू तापायचे लवकर आणि निवायचेही लवकर, फटींतून गरम हवा निघून जायची. स्लॅबला ना मातीची जाडी, ना कवेलूची घाई. त्यात रात्रीच आता पूर्वीसारख्या उतरत नाहीत. दिवसाचं तापमान ४० च्या वर आणि रात्रीचं सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त असेल तर हवामान खातं त्याला 'उष्ण रात्र' म्हणतं, आणि हा इशारा विदर्भासाठी आता अनेकदा वाचायला मिळतो. २०२४ हे १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. बाहेरच निवत नाही तर स्लॅबने निवायचं कुठे? त्यामुळे ऊन स्लॅबमध्ये शिरूच न देणं हाच उपाय टिकणारा.

त्यातला स्वस्तातला म्हणजे चुना. होळी झाली की गच्ची झाडून, धुऊन, भेगा भरून घ्या. चुन्याची कळी आदल्या रात्री भिजवा. भिजवताना ती उकळते, म्हणून प्लास्टिकची पातळ बादली नको, पोरं जवळ नकोत, आणि डोळ्यांवर चष्मा हवा. सकाळी फडक्यातून गाळून त्यात थोडं फेव्हिकॉल मिसळा, म्हणजे वाऱ्याने भुकटी उडत नाही. दोन हात द्या, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. भर उन्हात लावलेला चुना धरण्याआधीच वाळतो आणि पायाला लागून निघून येतो. बाजारातले गच्चीसाठीचे पांढरे परावर्तक रंग जास्त वर्षं टिकतात, पण पट्टीने महाग. पांढऱ्या छपराने आतल्या तापमानात दोन ते पाच अंशांचा फरक पडल्याचं ठिकठिकाणच्या मोजमापांत दिसलं आहे. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी राज्याचं धोरणच काढलं. आपल्याकडे अजून तो ज्याच्या त्याच्या गच्चीचा प्रश्न आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा: एप्रिलच्या वावटळीत पांढरी गच्ची पंधरा दिवसांत मातकट होते, मग तिचा गुणही मातकट. अधूनमधून झाडायला लागतेच. गच्चीवरचं पावसाचं पाणी टाक्यात घेत असाल तर पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्या.

चुना नको असेल तर हिरवी जाळी बांधा, पण स्लॅबपासून निदान तीन-चार फूट वर, खालून हवा खेळली पाहिजे. टिनाच्या घरांना स्लॅबचा साठा नसतो, पण दुपारी पत्रा थेट भाजतो. तिथे वरून पांढरा रंग आणि खालून बांबूच्या तट्ट्यांचं किंवा थर्माकोलचं छत, मध्ये वीतभर पोकळी, असं दोन्ही करावं लागतं. थर्माकोल चुलीच्या आणि वायरिंगच्या जवळ कधीच नको.

पाणी शिंपडण्याबद्दल. संध्याकाळी गच्चीवर पाइप सोडून तळं करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण ते पाणी बहुतेक पन्हाळीतून वाहून जातं, आणि मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल तर शेजाऱ्यांच्या शिव्याही खाव्या लागतात. वरच्या हिशेबातली १५ युनिट उष्णता न्यायला वीस-बावीस लिटर पाण्याची वाफ पुरते, म्हणजे दीड बादली. सूर्य मावळल्यावर जुनी पोती अंथरून ती ओली करा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडं थोडं शिंपडा. सगळं काही वाफ होत नाही, म्हणून तीन-चार बादल्या धरा. गच्ची आधी पांढरी केलेली असेल तर याची गरज क्वचितच पडते.

भिंतींपैकी पश्चिमेची बघा. तिला बाहेरून सावली हवी, खिडकीला आतून पडदा लावून अर्धंच काम होतं, कारण काच ओलांडून आलेलं ऊन घरातच राहतं. बाहेरून चिक, बांबूचा पडदा, जाळी, वेल, काहीही. सकाळी नऊला खिडक्या-पडदे बंद, रात्री बाहेर घरापेक्षा गार झालं की सगळं उघडं.

ज्या दिवशी कूलर हात टेकतो

अवकाळी पाऊस पडून गेला, आभाळ आलं, किंवा जूनचा पहिला आठवडा उजाडला की कूलरचा गुण संपतो. बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता ५५ टक्के असेल तर उत्तम कूलरही ३१-३२ च्या खाली नेऊ शकत नाही, आणि ते ३१ घामटलेले. अशा दिवशी पंप बंद, पंखा चालू, खिडक्या उघड्या. ताट्या बदलून किंवा दुरुस्तीवाल्याला बोलावून काही होणार नाही. कोकणात आणि मुंबईत कूलर चालत नाही तो याच कारणाने. पुण्या-मुंबईचे पाहुणे "अरे, एवढ्या उन्हात तुम्ही कूलरवर भागवता?" म्हणतात तेव्हा त्यांना कोरड्या हवेचा हिशेब सांगावा.

दमट उष्णता आकड्यावरून ओळखू येत नाही, म्हणून ती जास्त फसवी. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्या १४ जणांचा जीव गेला, तेव्हा तिथलं तापमान चाळिशीच्या आतच होतं. विदर्भात ४० ला आपण 'आज बरं आहे' म्हणतो.

वीज गेली तर नुसत्या इन्व्हर्टरच्या पंख्यावर विसंबू नका. हवा ४० च्या वर असेल तर कोरड्या अंगावर पंखा उलट ताप देतो. पंख्याखाली बसायचं तर अंग ओलं करून, भिजवून पिळलेला दुपट्टा किंवा चादर घेऊन बसा. म्हातारी माणसं वरच्या खोलीत झोपत असतील तर मे महिन्यापुरतं त्यांना खाली आणा, ते कितीही नको म्हणाले तरी.

उन्हाचा त्रास झाल्याची पहिली खूण बहुतेकदा डोकेदुखी, पायात गोळे आणि मळमळ. तेव्हा सावली, आराम आणि साखर-मिठाचं पाणी: एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, किंवा अंग भाजतंय आणि शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळीही नको, हा ताप तिने उतरत नाही. खिशातल्या कांद्याबद्दल घरात वाद घालू नका, असू द्या, पण दवाखाना त्याच्या भरवशावर लांबवू नका.

टाकी आणि डास

आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी, आणि नुसती रिकामी नाही, आतून घासलेली. डेंगीच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी मरत नाहीत, पुढचं पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम.

उतरवताना

मान्सून स्थिरावला की कूलर तसाच ओला खिडकीत राहतो, आणि पुढच्या मार्चमध्ये तळाला भोक पडलेलं सापडतं. टाकी कोरडी करा, साध्या ताट्या काढून टाका, वाळा असेल तर कडक उन्हात वाळवून बांधून ठेवा. गंजलेल्या जागा घासून त्यावर रंगाचा एक हात मारा, मोटरच्या बुशिंगला दोन थेंब तेल द्या. पंप काढून, लिंबूसताने धुऊन कोरड्या डब्यात वेगळा ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये पंप महागही मिळतो आणि नकलीही.